गोल भिंती, चौकोनी पुस्तकं

सांगलीहून कऱ्हाडकडे जायला दोन रस्ते आहेत, आणि अलीकडे मी हटकून लांबचा धरते. जवळच्या रस्त्यावर कृष्णेचा एक पूल लागतो. पुलावरून डावीकडे बघितलं की उसाच्या वर डोकं काढून उभी असलेली एक इमारत दिसते. आजूबाजूची माणसं तिला ‘यान’ म्हणतात. पाटीवर मात्र ‘सार्वजनिक ग्रंथालय’ असं लिहिलेलं आहे. ती इमारत माझी. म्हणजे मी काढलेली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावाचा त्यात फारसा दोष नव्हता.

मी आर्किटेक्ट. अडतीस वर्षं सांगलीत ऑफिस चालवलं, या दिवाळीनंतर बंद करते आहे. आमच्या भागात आर्किटेक्टला इंजिनिअर म्हणतात, इंजिनिअरला कॉन्ट्रॅक्टर म्हणतात आणि कॉन्ट्रॅक्टरला साहेब म्हणतात. तेव्हा आधी कामाची वाटणी सांगते. इमारत पडू नये हे बघतो तो इंजिनिअर. ती उभी करतो तो कॉन्ट्रॅक्टर. आणि तिच्या आत माणसांनी, सामानानं, उजेडानं, वाऱ्यानं कसं नांदायचं हे कागदावर आधी ठरवून ठेवते ती मी. कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं की मी हे वाक्य म्हणत असे आणि मुलं टाळ्या वाजवत. आता बोलावलं तर जात नाही.

माझे वडील साताऱ्याचे सुतार. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मी आर्किटेक्चरला गेले तेव्हा त्यांनी सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांतून मला ठोकळे करून दिले. चौकोनी, आडवे, उभे, कातून गोल केलेले दंडगोल, शंकू, अर्धे गोळे, कमानी. पॉलिश असं की हातातून सोडवत नसे. सोबत खणांची पेटी, प्रत्येक ठोकळ्याला आपला खण. पेटी करायला घेताना दादा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, “आत काय ठिवायचं हाय?” गिऱ्हाईक म्हणे, “ठेवू काहीतरी.” मग दादा पटाशी खाली ठेवायचे. “आत काय ते म्हाईत न्हाई तवर ती पेटी न्हवं, नुसतं लाकूड हाय.”

त्या ठोकळ्यांवर मी धंदा केला असं म्हटलं तरी चालेल. बाहेरच्यांना माहीत नसतं, पण इमारतीचा नकाशा जवळजवळ कुणालाच वाचता येत नाही. ‘कळलं, कळलं’ म्हणतात सगळे, आणि घर उभं राहिल्यावर विचारतात, इथं खिडकी नव्हती का? म्हणून मी गिऱ्हाइकापुढं पेटी उघडायची. म्हणायची, मांडा तुमच्या मनातलं. मिशीवाली, पगडीवाली, जमीनजुमल्यावाली माणसं बघता बघता शाळकरी होत. माणसाला काय हवंय ते तो बोलत नाही, पण हातात ठोकळा दिला की लपवताही येत नाही.

कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी साधं दोन खोल्यांचं घर मांडलं आणि त्याच्या डोक्यावर आडवा ठोकळा, त्यावर दंडगोल तिरका. “गच्चीवर रणगाडा पायजे, मॅडम. पान्याची टाकी त्याच्या पोटात बसवा. तोफ तेवढी पश्चिमेला करा.” केला मी रणगाडा. सुभेदारीण बाई वास्तुशांतीला माझ्या कानात म्हणाल्या, “बाहीर रणगाडा आन् आत मोरी केवढी, बगा की.” मोरी खरंच लहान झाली होती. महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं दारावर दोन पुरुष उंचीची स्ट्रॉबेरी करून घेतली. तिथला पाऊस मी हिशेबात धरला नाही असं नाही, पण स्ट्रॉबेरीच्या देठाशी जिथं सांधा होता तिथून पाणी शिरलं, आणि श्रावणात ती पोटात पाणी झाल्यासारखी फुगून ठिबकायला लागली. आलेली गिऱ्हाइकं तिच्याखालून छत्री उघडून आत जायची.

हसण्यावारी नेण्याजोगी कामं होती ती. चुकली तरी माणसं चिडायची, मग हसायची, मग जेवायला वाढायची.

एक गिऱ्हाईक मात्र वेगळं. कोयनानगरचे एक म्हातारे, उभा जन्म भूकंपाच्या हादऱ्यांत काढलेला. मी त्यांच्यापुढं पेटी उघडली तर त्यांनी एकच आडवा चौकोनी ठोकळा उचलून मध्ये ठेवला आणि पेटी मिटली. म्हणाले, “बाई, जमीन हलती तवा शिंगं आलेलं घर आदी पडतंय. बुटकं, चौकोनी, सरळ. ह्यापरास जास्त इमारतीनं काय करायचं?” मी ते घर बांधून दिलं, पण कुणाला दाखवायला कधी नेलं नाही. त्यात माझं असं काही दिसत नव्हतं.

आता यानाकडे येते.

त्या गावचं जुनं ग्रंथालय नदीच्या अंगाला दोन कौलारू खोल्यांत होतं. ‘ब’ वर्गाचं, अकरा हजारांच्या आसपास पुस्तकं. मोठ्या महापुरात मांडण्यांच्या खालच्या दोन खणांतली पुस्तकं गेली. आमच्याकडे पूर ओसरला की माणसं घराच्या भिंतीवर पाण्याच्या उंचीची रेघ मारून ठेवतात. तशी तिथं निळ्या ऑइलपेंटची रेघ होती. ती मारली होती सुनंदाताई मान्यांनी. अठ्ठावीस वर्षं त्या तिथं ग्रंथपाल. किरकोळ बांधा, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, आणि पुस्तक शोधायला कधी कार्ड बघायच्या नाहीत, सरळ उठून हात घालायच्या.

मी पहिल्यांदा पाहणीला गेले तेव्हा त्यांनी मला सागवानी मांडण्या दाखवल्या. दहा दहा फुटी, सरळ, पुरात उभ्या राहिलेल्या. एका मांडणीवर पातळसं जुनं पुस्तक होतं, घरबांधणीवरचं. पुठ्ठा गेलेला, आत दारं, कपाटं, फडताळं यांच्या आकृत्या. दादांच्या तोंडचे शब्द त्यात छापलेले दिसले आणि मी तिथंच चाळत उभी राहिले.

“न्या की मॅडम,” सुनंदाताई म्हणाल्या. “वाचून परत द्या. पंधरा दिवसांची मुदत हाय.”

“मी सभासद नाही.”

“मग करते की.” आणि त्यांनी तिथल्या तिथं माझ्या नावाचं कार्ड केलं, तारीख घातली, सही घेतली.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, “मॅडम, दिसायला कशीबी करा. पर ह्यांना परत पानी लागू देऊ नका. भिजलेलं पुस्तक वाळवलंय कवा? पानं उलगडताना कातडं सोलल्यागत हुतंय.”

मी म्हटलं, “सुनंदाताई, ह्या पुस्तकांना पुन्हा पाणी लागणार नाही. माझा शब्द.”

हा शब्द कुणी मागितला नव्हता. मीच दिला.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयाची समिती माझ्या ऑफिसात आली. समिती म्हणजे मुख्यतः आबा. उसाचे मोठे बागायतदार, गावाचे माजी सरपंच, स्वतः चौथी पास, पण रोजचा पेपर वाचायला न चुकता ग्रंथालयात जाणारे. त्यांच्याबरोबर पुण्यात कंपनीत असलेला पुतण्या, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर सुनंदाताई. पुतण्यानं मोबाईल पुढं केला. कॉम्प्युटरकडून त्यानं ‘भविष्यातलं ग्रंथालय’ म्हणून चित्रं काढून घेतली होती. घुमट, तबकड्या, हवेत तरंगणारे गोल. कुठल्याच चित्रात पुस्तक नव्हतं. हे आज लक्षात येतं.

“असं कायतरी पायजे,” आबा म्हणाले. “आवं, आमच्या गावात यायला कारण काय हाय कुनाला? ऊस काय समदीकडंच हाय. मानूस गाडी थांबवून म्हनला पायजे, हे काय वो? मग म्हनायचं, हे आमचं ग्रंथालय.”

मी पेटी उघडली. आबांनी अर्धा गोळा उचलला. पुतण्यानं जाड दंडगोल घेतला आणि गोळा त्याच्यावर बसवला. चार बारके दंडगोल पाय म्हणून खाली. बाजूला शंकू, एक चौकोन कोपऱ्यावर तिरका उभा केलेला. ते सगळं टेबलावर उभं राहिलं आणि खरं सांगते, मला हसू आलं नाही. मोह झाला. इतक्या वर्षांत मी पार्किंगवाले बंगले काढले, खाली गाळे वर फ्लॅट काढले, शिरवळला शेड काढल्या. भविष्य हवंय म्हणून माझ्या दारात कुणी आलं नव्हतं. मी पुढं झाले. पाय उंच केले, दंडगोल रुंद केला. त्याच्या पोटात वरपासून खालपर्यंत मोकळी विहीर ठेवायची, घुमटातून उजेड तिच्यात सांडेल. भोवती गोल सज्जा, तिथं पुस्तकं. आणि वर जायला जिना नाही, वळत वळत जाणारा उतार. बोलता बोलता माझा आवाज चढला होता.

सुनंदाताई उठून टेबलाशी आल्या. त्यांनी पेटीतला एक साधा आडवा ठोकळा काढून त्या गोलाजवळ धरला.

“मॅडम, पुस्तकं चौकोनी असत्यात,” त्या म्हणाल्या. “आनि आमच्या मांडण्या सरळ हायत. ह्यात बसत्याल का?”

पुतण्या हसला. मीही हसले. म्हटलं, “सुनंदाताई, मांडण्या नव्या येतील. भिंतीसारख्याच गोल. भविष्यातलं ग्रंथालय आहे ना हे?”

त्यांनी ठोकळा पेटीत ठेवला. उचलला होता त्याच खणात, त्याच बाजूवर.

माझ्या इंजिनिअरनं डोक्याला हात लावला, पण काम चोख केलं. पुस्तकांचं वजन लोकांना कळत नाही. खोलीभर माणसं नाचली तरी स्लॅबला इतकं सोसावं लागत नाही, जितकं खोलीभर पुस्तकं गप्प उभी राहिली तर लागतं. तो सगळा भार आम्ही निळ्या रेघेच्या वर, शिवाय आणखी एक माणूस उंचीवर नेला. खालचा मजला मुद्दाम मोकळा सोडला, नुसते खांब. पूर आला तर पाणी खालून निघून जाईल, पुस्तकं वर कोरडी. हे मी आजही म्हणेन, ती कल्पना बरोबर होती. दंडगोल पूर्ण झाला त्या दिवशी मी आत एकटी उभी राहिले होते. घुमटातून उजेड खाली उतरत होता. मला दादांची आठवण आली, आणि ते असते तर काय म्हणाले असते याची मी मनात कल्पना केली. त्या कल्पनेत ते नुसते वर बघत होते, काही विचारत नव्हते.

उद्घाटनाला गावजेवण ठरलं. जेवणावळीला आडोसा हवा म्हणून आबांनी खालचे खांब तीन बाजूंनी विटांनी बंद केले, चौथ्या बाजूला शटर. मी फोनवर चिडले. “आबा, तिथून पाणी जायचंय.”

“आवं, जेवनं झाली की पाडतो की.”

आमच्याकडे तात्पुरती म्हणून बांधलेली भिंत कधी पडत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण एका मासिकासाठी आतल्या गोलाची छायाचित्रं काढायची होती, त्यांत ती भिंत येणार नव्हती, म्हणून मी नेट लावला नाही.

मग पुस्तकांचं स्थलांतर. हलवण्याआधी ग्रंथालयाची मोजदाद करतात. दाखलनोंदवही नावाच्या जाड वह्या असतात, त्यात प्रत्येक पुस्तकाला जन्मक्रमांक दिलेला असतो, आणि मोजदादीला सगळी पुस्तकं हजर लागतात. सुनंदाताईंनी गावाच्या ग्रुपवर निरोप टाकला, देवळाच्या स्पीकरवरून पुकारलं, की ज्याच्याकडे पुस्तक असेल त्यानं जमा करावं. आणि गावानं ऐकलं. एका सुनेनं वारलेल्या सासऱ्यांच्या ट्रंकेतलं पुस्तक आणून दिलं. सैन्यातून सुट्टीवर आलेल्या एकानं बटालियनमध्ये नेलेली दोन आणली. निरोप मलाही आला. ‘आणते’ म्हणून मी उत्तरही पाठवलं. पुस्तक माझ्या टेबलावर ठोकळ्यांच्या पेटीखाली होतं. कामाच्या गडबडीत राहून गेलं.

गोल मांडण्या अजून झाल्या नव्हत्या, म्हणून तोवर जुन्याच वर न्यायच्या ठरल्या, आणि कारखान्यावरचे सहा गडी पहिली मांडणी घेऊन उतार चढायला लागले. पहिल्या वळणावर मांडणी अडली. तिरकी केली, उभी केली, आडवी केली. दहा फुटी सरळ सागवान, आणि माझी वळणारी भिंत. एक गडी घाम पुसत म्हणाला, “मॅडम, ही इमारत मांडनीच्या भवती बांधाय पायजे हुती.”

मी पर्समधून टेप काढली आणि मांडणीला लावली. मग वर जाऊन सज्ज्याला लावली. वर नेली असती तरी तिथं ती बसत नव्हती. विहिरीसाठी मी सज्जा इतका अरुंद ठेवला होता की मांडणी लावल्यावर माणूस जायला जागा उरत नव्हती. नदीची उंची, वाऱ्याचा जोर, सूर्याचा कोन, सगळं मी मोजलं होतं. पुस्तकांच्या मांडण्यांना टेप त्या दिवशी पहिल्यांदा लागली. सुताराची लेक मी.

आबांनीच माझी समजूत घातली. “आसूं द्या मॅडम. गोल मांडन्या करून घिऊ. तवर खाली ठिवू. जागा हाय की, भिंती बी हायत.”

सुनंदाताई तयार नव्हत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “वर जमिनीवरच मांडू का? प्लास्टिक अंथरते. ढीग लावते, नंबरानं. वाकून काढीन, मला काय त्याचं.”

आणि मी नाही म्हटलं.

कारण सांगते, लपवून काय उपयोग. पुढच्या महिन्यात मुंबईहून त्या मासिकाचा छायाचित्रकार येणार होता. त्या स्वच्छ गोल जमिनीवर, घुमटाच्या उजेडात, प्लास्टिक आणि पुस्तकांचे ढीग मला नको होते. मी म्हटलं, “एकच महिना, सुनंदाताई. पावसाळ्याला अजून वेळ आहे.”

त्या ‘बरं’ म्हणाल्या. अठ्ठावीस वर्षं समितीला ‘बरं’ म्हणायची सवय असलेलं ते ‘बरं’ होतं.

छायाचित्रकार महिन्यानं आला नाही, दोन महिन्यांनी आला. फोटो सुंदर आले. गोल मांडण्यांचं काम निधीअभावी रेंगाळलं. आणि त्या वर्षी घाटमाथ्यावर असा कोसळला की कोयनेतून पाणी सोडल्याचे भोंगे गावोगाव वाजायला लागले.

सुनंदाताईंनी मला दुपारी फोन केला. पाणी उसात आलं होतं. गावातली सगळी माणसं जनावरं सोडवत होती, म्हातारीकोतारी ट्रॅक्टरमध्ये बसवत होती. पुस्तकांना कोण येणार? त्या एकट्याच खालून वर नेत होत्या. मी विचारलं, “काय काय नेलंत?”

“वह्या नेल्या, मॅडम. समद्या दाखलनोंदवह्या. आन् कार्डांचे खण.”

ग्रंथपालाला पहिल्या दिवशी शिकवतात: आग लागो, पूर येवो, आधी दाखलनोंदवही वाचवायची. ती असली तर ग्रंथालय आहे. सुनंदाताईंनी नियमानं केलं. सहा जाड वह्या आणि खणामागून खण त्या वळत्या उतारावरून, साठीला आलेल्या बाईनं, फेऱ्या घालून वर नेले. वर गेलं की खाली यायला माझा उतार लांब होता. जिना असता तर अर्धा वेळ लागला असता. पुस्तकांची पाळी आली तेव्हा शटरमधून पाणी आत होतं. आबांच्या माणसानं त्यांना दंडाला धरून ट्रॅक्टरवर बसवलं. फोन तिथंच तुटला.

दोन दिवसांनी कुणीतरी ड्रोननं काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरला. तांबड्या पाण्यात सगळं गाव बुडालेलं आणि मध्ये माझी इमारत, पांढरी, घुमटासकट, नांगर टाकलेल्या जहाजासारखी. ‘महापुरातही ताठ उभं भविष्यातलं ग्रंथालय’ असं खाली लिहिलेलं. मला अभिनंदनाचे फोन आले. पुण्याच्या वर्गमैत्रिणीचा, इंजिनिअरचा, कोरेगावच्या सुभेदारांचासुद्धा. मी प्रत्येकाला ‘थँक यू’ म्हटलं. काय म्हणणार होते?

पाणी उतरल्यावर गेले. तीन भिंतींनी पाणी बाहेर जाऊ दिलं नव्हतं, ते आत कुजत बसलं होतं. पुस्तक भिजलं की फुगतं हे मला माहीत होतं, पण अकरा हजार पुस्तकं एकदम फुगली की काय होतं ते माहीत नव्हतं. त्यांनी मांडण्या फोडल्या होत्या. दहा फुटी सागवान, जे आधीच्या पुरात हललं नव्हतं, ते आतून उकललं होतं. पुस्तकं एकमेकांना चिकटून, लगद्याच्या भिंती होऊन बाहेर आलेली. वास मी सांगणार नाही. मी वर गेले. वरचा गोल कोरडा ठणठणीत होता. फरशीवर धूळसुद्धा नव्हती. घुमटातून उजेड येत होता, छायाचित्रकाराला हवा होता तसाच.

आबा उतारावर बसले होते. म्हणाले, “मॅडम, भिंत मी घातली. पाप माजं हाय.” मी म्हटलं, नाही, माझं. आम्ही दोघं तिथं बसून आपापलं पाप ओढून घेत होतो आणि त्यानं एक पानही कोरडं होत नव्हतं. सुनंदाताई खाली फावड्यानं लगदा ओढत होत्या. त्यांनी मला शब्दाची आठवण करून दिली नाही. एकदा दिली असती तर बरं झालं असतं.

जिल्ह्याच्या कार्यालयाला बाद पुस्तकांची यादी हवी होती. दाखलनोंदवहीत शेवटचा रकाना ‘शेरा’ असतो, तिथं प्रत्येक क्रमांकापुढं कारण लिहावं लागतं. सुनंदाताईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक अक्षर दिसेना. म्हणून दर मंगळवारी त्या एक वही घेऊन एसटीनं सांगलीला माझ्या ऑफिसात यायच्या. मी क्रमांक आणि नाव वाचायची. त्या ‘बाद’ म्हणायच्या. मी तांबड्या शाईनं लिहायची, ‘बाद, पुरात’. अकरा हजार वेळा.

पण नुसतं ‘बाद’ म्हणून त्यांचं भागायचं नाही. “हे शाळेतल्या शिपाईमामांनी चार वेळा नेलं. बाद.” “हे पाटलांची थोरली सून पदराखाली घेऊन जायची, सासूला दिसू नये म्हनून. बाद.” “ह्याची शेवटची दोन पानं कुनीतरी फाडली हुती, म्हनून मी हातानं लिहून चिकटवली. बाद.” त्या मंगळवारांत मला पहिल्यांदा कळलं की त्या इमारतीच्या आत काय ठेवायचं होतं. दादांचा प्रश्न मी गिऱ्हाइकाला विचारायला हवा होता, आणि गिऱ्हाईक आबा नव्हते.

चौथी वही चालू होती. ऑफिसातलं सामान आवरायला काढलं होतं, टेबलावर ठोकळ्यांची पेटी तेवढी उरलेली. मी क्रमांक वाचला, पुढं नाव वाचलं, आणि थांबले.

“बाद,” सुनंदाताई म्हणाल्या.

“नाही, सुनंदाताई.”

मी पेटी बाजूला सारली. खाली ते होतं, पुठ्ठा गेलेलं, फडताळांच्या आकृत्यांचं, पंधरा दिवसांच्या मुदतीचं. आत माझं कार्ड, माझी सही. सगळ्या गावानं नियम पाळून आपापलं पुस्तक नेऊन दिलं, आणि ती सगळी गेली. मी नियम मोडला, आणि अकरा हजारांतलं हे एक उरलं होतं.

त्यांनी ते हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, मग नाकाजवळ. पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. कोरड्या कागदाचा आवाज झाला. मी रडायला लागले ते त्यांना दिसलं की नाही, मला माहीत नाही.

“मुदत संपली की वो, मॅडम,” त्या म्हणाल्या.

“शेऱ्यात काय लिहू?”

“लिवा, वाचकाकडं.”

मी लिहिलं. निळ्या शाईनं. मग पुस्तक कागदात गुंडाळून त्यांच्या पिशवीजवळ ठेवलं. म्हटलं, “घेऊन जा. उशिरा का होईना, परत देते.”

सुनंदाताईंनी वही पिशवीत घातली, छत्री घेतली, आणि पुस्तक दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवलं.

“ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच,” त्या म्हणाल्या. “तितं नेऊन ठिवू कुठं?”